ओळख, वशिला आणि आप्तवाक्य : वैमानिकांच्या नोकऱ्यांची एक शंभर वर्षं

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला वैमानिकांच्या नोकऱ्यांशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. आम्ही विमान कधी चालवलेलं नाही, आणि आता या वयात कुणी चालवू देणारही नाही. पण एखादा माणूस कामाला लायक आहे हे दुसऱ्याला कळतं कशावरून, हा प्रश्न मुळात प्रमाणशास्त्राचा आहे. इतर धंद्यांत त्याचं उत्तर चुकलं तरी फारसं कुणाला कळत नाही. प्राध्यापक चुकीचा निवडला तर तीस वर्षं विद्यार्थी जांभया देतात, एवढंच. वैमानिक चुकीचा निवडला तर माणसं मरतात. म्हणून हा धंदा तपासायला चांगला.

आधी शिडी समजून घेऊ, कारण तिच्या मधल्या पायरीवर आजचा सगळा विषय उभा आहे. अमेरिकेत धंदेवाईक वैमानिकाचा परवाना साधारण २५० तासांच्या उड्डाणानंतर मिळतो. पण प्रवासी विमान कंपनीत बसायला २०१३ पासून, काही सवलती सोडल्या तर, १५०० तास लागतात. मधले बाराशे तास आणायचे कुठून? विमान भाड्याने घेऊन एवढं उडणं कुणाच्या बापाला परवडत नाही. म्हणून बहुतेक पोरं-पोरी शिकवायला लागतात. काल शिकून बाहेर पडलेला आज इन्स्ट्रक्टर. चार आसनी छोटं सेसना, डावीकडे घाबरलेला शिष्य, उजवीकडे हे गुरुजी. तास दोघांच्याही वहीत चढतात, आणि शिष्य पैसे देतो.

या पायरीवरून वर जायचे दोन मुख्य जिने. एक, प्रवासी कंपनी. तिथे अर्ज आहे, चाचणी आहे, ज्येष्ठतेची यादी आहे. सगळं छापील. दुसरा, ज्याला तिकडे कॉर्पोरेट पायलट म्हणतात तो : एखाद्या उद्योगसमूहाच्या किंवा धनिकाच्या मालकीच्या विमानाचा वैमानिक. अशा ठिकाणी एखाद-दुसरं विमान आणि मोजून चार-पाच वैमानिक असतात. जागा रिकामी होते ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा, आणि पुष्कळदा ती जाहिरातीपर्यंत पोचतच नाही. चीफ पायलट हँगरमध्ये कुणाला तरी विचारतो, 'कुणी चांगला मुलगा आहे का हो?' आणि जागा भरते.

इथे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाळाला आठी पडते. म्हणजे वशिलाच की! मराठी मध्यमवर्गाने, आणि त्यात आम्हीही आलोच, दोन पिढ्या मार्कांवर आणि स्पर्धा परीक्षांवर काढल्या. 'ओळख काढणं' हे आपण खालच्या आवाजात बोलतो. आपल्या मुलाने कुणाला नोकरीसाठी फोन करावा असं वाटलं तर आधी दार लोटून घेतो. तेव्हा हा जो हँगरमधला प्रश्न आहे, तो आणि वशिला एकच आहेत का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे. पण ते सरळ 'नाही' नाही. वैमानिकांचा इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, आणि ती साक्ष नीट ऐकायला हवी.

साक्ष हा शब्द मुद्दाम वापरला. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आता 'आप्त' म्हणजे कोण? मराठीत आपण आप्तेष्ट म्हणतो तेव्हा चुलते, मामे, मावसभाऊ असा गोतावळा डोळ्यांसमोर येतो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन असं म्हणत नाही. त्याच्या मते ज्याने गोष्ट स्वतः पाहिली-अनुभवली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही बजावतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांना सारखंच लागू. म्हणजे आप्तपणा कुळावरून ठरत नाही; पाहिलं आहे का आणि खरं सांगतो आहे का, एवढ्या दोनच गोष्टींवर ठरतो. एकच शब्द, पण दर्शनात त्याचा अर्थ विश्वासू साक्षीदार आणि घरात त्याचा अर्थ नातेवाईक. वैमानिकांच्या नोकऱ्यांचा इतिहास या दोन अर्थांच्या मधूनच जातो.

पहिला साक्षीदार वायली पोस्ट. जन्म १८९८, टेक्सासचा. वाढला ओक्लाहोमात, शाळा अर्धवट. तरुणपणी वाटमारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, वर्षभराहून अधिक काळ सुधारगृहात काढला. सुटल्यावर तेलविहिरींवर मजुरी. १९२६ साली तिथे अपघात झाला, लोखंडाचा कण डाव्या डोळ्यात गेला आणि डोळा कायमचा गेला. नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले त्यातून या गृहस्थाने काय घ्यावं? जुनं विमान! एका डोळ्याने अंतराचा अंदाज कसा घ्यायचा याचा त्याने सराव केला. मग गावोगाव लोकांना पैसे घेऊन फिरवून आणायचं, शिकाऊ लोकांना धडे द्यायचे, असा त्याचा फिरता धंदा सुरू झाला.

आता कल्पना करा, या माणसाचा अर्ज आज एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आला आहे. शिक्षण : नाही. शिक्षा : झालेली. डोळे : एक. पहिल्या रकान्यातच अर्ज टोपलीत. पण १९२८ साली एफ. सी. हॉल या ओक्लाहोमाच्या तेलव्यापाऱ्याला वैमानिक हवा होता. तेलाच्या धंद्यात जमिनीचे पट्टे करून घ्यायला जो आधी पोचेल त्याचं फावतं. हॉलने पोस्टचं उडणं पाहिलं होतं. त्याने त्याला नोकरीला ठेवलं, लॉकहीड व्हेगा जातीचं विमान घेतलं आणि त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं : विनी मे. मंदी आली तेव्हा ते विमान कारखान्याला परत विकावं लागलं आणि पोस्टही काही काळ त्या कारखान्यात गेला. पण १९३० मध्ये हॉलने नवीन व्हेगा घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याने परत याच माणसाला बोलावलं. त्या विमानातून पोस्टने हॅरोल्ड गॅटी या दिशादर्शकाबरोबर १९३१ मध्ये ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९३३ मध्ये तीच एकट्याने केली, ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत. एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला.

शिकवणारा, फिरता वैमानिक एका धनिकाच्या पदरी राहतो तो ओळखीमुळे. आणि ती ओळख नसती तर कागदाने त्याला दारातच अडवलं असतं. वशिला अपात्र माणसाला आत घेतो असं आपण धरून चालतो. इथे ओळखीने पात्र माणूस आत आला, आणि कागद मात्र चुकला असता.

असं का होतं? ॲरिस्टॉटल म्हणतो, की तरुण माणूस गणितात निपुण होऊ शकतो, व्यवहारातला विवेक मात्र त्याच्याकडे लगेच नसतो, कारण तो अनुभवाने येतो. वैमानिकाच्या अंगी जे हवं ते बरंचसं या विवेकाच्या जातीचं आहे. गणित, हवामान, नियम यांची परीक्षा घेता येते. पण समोर ढग दाटले आहेत, मालकाला संध्याकाळच्या बैठकीला पोचायचं आहे, मालक मागच्या आसनावरून घड्याळ दाखवतो आहे, आणि अशा वेळी 'नाही साहेब, आज उतरायचं, मोटारीने जा' हे शांतपणे कोण सांगेल? हे कुठल्या प्रश्नपत्रिकेत येणार? हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. मोठ्या कंपनीत वैमानिकाच्या मागे नियमांची भिंत असते. छोट्या विमानात मालक आणि वैमानिक यांच्यामध्ये भिंत नसते, पाठीमागची खुर्ची असते. म्हणून तिथे माणूस ओळखून घेतात.

हॉल एकटा नव्हता. त्या काळात तेल कंपन्यांनी वैमानिक पदरी बाळगण्याची जणू चढाओढच लावली होती. जिमी डूलिटल सैन्यातून १९३० मध्ये शेलमध्ये गेला, फ्रँक हॉक्स टेक्साकोकडे, अल विल्यम्स गल्फकडे. हे नावाजलेले लोक होते, त्यांना ओळख लागत नव्हती; ते सोडून देऊ. खरा विस्तार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सैन्याची विमानं स्वस्तात विक्रीला निघाली, शिकवून तयार केलेले हजारो वैमानिक मोकळे झाले, आणि कारखानदारांनी ही विमानं घेऊन त्यांत खुर्च्या आणि मेजं बसवली. १९४७ मध्ये अशा विमानमालक कंपन्यांची संघटना नोंदली गेली. चीफ पायलट झाला तो युद्धावरून आलेला. त्याला दुसरा वैमानिक हवा झाला, तर तो कुणाला विचारणार? आपल्या जुन्या स्क्वाड्रनमधल्या माणसांना. ज्याच्या शेजारी बसून गोळ्या चुकवल्या त्याच्याइतका आप्त दुसरा कोण?

हे ऐकायला छान वाटतं. आता उलटी बाजू. त्या स्क्वाड्रनमध्ये कोण होतं, आणि कोण असूच शकत नव्हतं?

बेसी कोलमन ही शिकागोत केशकर्तनालयात नखं रंगवायचं काम करणारी मुलगी. कृष्णवर्णीय, आणि त्यातून स्त्री. अमेरिकेतली एकही शाळा तिला विमान शिकवायला तयार होईना. शिकागो डिफेंडर या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट ॲबट यांनी तिला सल्ला दिला, की फ्रान्सला जा. ती फ्रेंच शिकली, गेली, आणि १५ जून १९२१ रोजी आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन आली. लक्षात घ्या, तिलाही ओळखीनेच वाट दाखवली. फक्त ती ओळख अटलांटिकच्या पलीकडे जा म्हणून सांगणारी होती, कारण अलीकडे दार उघडणारी ओळख तिच्या वस्तीत कुणाचीच नव्हती. १९२६ मध्ये फ्लोरिडात विमानातून पडून ती गेली.

चार्ल्स अँडरसनची कथा अशीच. शिकवायला कुणी तयार नाही म्हणून त्याने उसने पैसे घेऊन विमानच विकत घेतलं, आणि पुढे एका जर्मन वैमानिकाकडून बाकीचं शिकला. हा पुढे अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत मुख्य प्रशिक्षक झाला. मार्च १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे आल्या, आणि बरोबरच्या लोकांचा जीव खालीवर होत असताना त्यांच्या विमानात बसून चक्कर मारून आल्या. त्याचं छायाचित्र सगळीकडे छापून आलं. टस्कीगीतून शिकून गेलेल्या वैमानिकांनी युद्धात नाव काढलं हे आपल्याला चित्रपटांमुळे ठाऊक आहे. आमचं लक्ष त्यांना शिकवणाऱ्यांकडे आहे. त्यांतला एक पेरी यंग. हजारो तास वहीत, युद्धातले वैमानिक हाताखालून गेलेले. युद्ध संपलं, गोऱ्या इन्स्ट्रक्टरांना कंपन्यांची, धनिकांची विमानं मिळू लागली. पेरी यंग हैतीला गेला, कॅरिबियन बेटांत मिळेल ते उडवत राहिला. डिसेंबर १९५६ मध्ये न्यूयॉर्क एअरवेज या हेलिकॉप्टर सेवेने त्याला घेतलं, तेव्हा नियमित प्रवासी सेवेत नेमला गेलेला तो अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय वैमानिक ठरला. युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती.

या अकरा वर्षांत कुणी 'कृष्णवर्णीय नकोत' अशी पाटी लावण्याचीही बहुधा गरज पडली नसेल. हँगरमध्ये प्रश्न विचारला जायचा, 'कुणी चांगला मुलगा आहे का हो?' आणि ज्यांना तो विचारला जायचा त्यांनी पेरी यंगबरोबर कधी उड्डाण केलेलंच नसायचं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आपापल्या परीने प्रत्येक जण आप्तच होता. पण पाहणाऱ्यांचं वर्तुळच असं आखलेलं होतं, की काही माणसं कुणाला दिसणारच नाहीत. वात्स्यायनाची पहिली अट, पाहिलेलं असणं, तीच कापून टाकली तर दुसरी अट, खरं सांगणं, कितीही पाळा, उपयोग काय?

मग कागदाने न्याय मिळतो का? मार्लन ग्रीन या हवाईदलाच्या वैमानिकाने १९५७ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सला अर्ज केला, तेव्हा वंशाचा रकाना कोरा ठेवला आणि छायाचित्र लावलं नाही. कागदावर माणूस उत्तम, म्हणून बोलावणं आलं. तो समोर उभा राहिल्यावर जागा मिळाल्या त्या त्याच्यापेक्षा कमी अनुभवाच्या गोऱ्या उमेदवारांना. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ मध्ये एकमताने निकाल ग्रीनच्या बाजूने लागला, आणि प्रत्यक्ष नोकरी मिळायला १९६५ उजाडलं. इथे कागदाने काम केलं हे मान्य करू या. कोऱ्या रकान्यामुळेच अन्याय उघडा पडला, आणि लेखी तास होते म्हणूनच न्यायालयात तुलना करता आली. ओळखीच्या कारभारात दाद मागायला जागाच नसते. जी जागा जाहीरच झाली नाही, ती आपल्याला नाकारली हे सिद्ध कसं करणार?

आम्ही स्वतः पुष्कळ निवड समित्यांवर बसलो आहोत. एका ठिकाणी, नाव कशाला घ्या, जाहिरात, छाननी, मुलाखत, गुणपत्रक, सगळं अगदी नियमाने झालं. आणि कुणाला घ्यायचं हे आदल्या दिवशी चहावर ठरलेलं होतं. तेव्हा कागद म्हणजे न्याय असंही नाही. असो.

आता इन्स्ट्रक्टरकडे परत येऊ, कारण त्याची जागा या सगळ्यात फार चमत्कारिक आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या शिक्षित लोकांना त्याने विचारलं, ज्या ओळखीतून नोकरी मिळाली त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होतात? वारंवार भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५६ टक्क्यांच्या आसपास. क्वचितच भेटणारे २८ टक्के. म्हणजे नोकरी आणून देतो तो सख्खा मित्र किंवा मेहुणा नव्हे. जुना सहकारी, लग्नात भेटलेला ओळखीचा, असा दूरचा माणूस. कारण सोपं आहे. आपल्या जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते.

इन्स्ट्रक्टरचं सगळं आयुष्य अशा दूरच्या ओळखींचं. त्याच्याकडे शिकायला कोण येतं? दाताचा डॉक्टर येतो, बांधकामवाला येतो, दोन कारखान्यांचा मालक पन्नाशीत हौस म्हणून येतो. सहा-आठ महिने आठवड्यातून दोनदा हा मालक आपला जीव या पंचविशीतल्या पोराच्या हातात देतो. उतरताना वारा आडवा आला तेव्हा पोराचा आवाज चढला का, आपली चूक झाली तेव्हा तो कसा बोलला, हवा खराब म्हणून धडा रद्द करताना त्याने स्वतःच्या त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडलं का, हे सगळं त्याने पाहिलेलं असतं. पुढे हा मालक मोठं, दोन इंजिनांचं विमान घेतो. विमा कंपनी म्हणते, तुमचे तास कमी आहेत, सुरुवातीला बरोबर अनुभवी वैमानिक हवा. आणि मालक विचारतो, 'अरे, तू येशील का?' पुष्कळांची सुरुवात अशीच झाली आहे : आधी एखाद्या शनिवारी शेजारच्या खुर्चीत, मग महिन्यातून चारदा, मग पगारावर. दुसरा रस्ता शिष्यांचा. शिकवलेली पोरं पुढे जातात, कुठे कुठे लागतात, आणि जागा निघाली की गुरुजींना फोन करतात.

याला आम्ही वशिला म्हणायला तयार नाही. वशिल्यात सांगणाऱ्याचं वजन मोजतात. इथे सांगणाऱ्याने काय पाहिलं ते मोजलं जातं. आणि तोंडी शब्द टाकणारा स्वतःही अडकलेला असतो. त्याने सुचवलेला माणूस कच्चा निघाला तर पुढच्या खेपेला त्याला कुणी विचारत नाही. तेव्हा ज्या इन्स्ट्रक्टर मुलाला 'फोन करू का नको' अशी लाज वाटते, त्याने हे पाहावं : तो ज्याला फोन करतो आहे त्याने आपलं काम पाहिलेलं आहे का? असेल तर तो आपला साक्षीदार बोलावतो आहे. नसेल, काकांचे मित्र म्हणून करत असेल, तर मात्र लाज वाटते आहे ते ठीकच आहे.

पण गुरूला शिष्यांचा फोन येतोच असं नाही. एमिली हॉवेल ही डेन्व्हरची मुलगी. विमानतळावरच्या एका कंपनीत स्वागतिकेचं काम करता करता शिकली आणि १९६१ च्या सुमारास इन्स्ट्रक्टर झाली. बारा वर्षं शिकवत राहिली, परीक्षकही झाली, सात हजारांवर तास झाले. तिच्याकडे शिकून गेलेले पुरुष एकामागून एक विमान कंपन्यांत लागत गेले. तिचा अर्ज वर्षानुवर्षं पडून. म्हणजे गंमत पाहा, शिष्याच्या लायकीबद्दल तिचा शब्द प्रमाण, पण तिच्या स्वतःच्या लायकीबद्दल तिचे तासही प्रमाण नाहीत! जानेवारी १९७३ मध्ये फ्रंटियर एअरलाइन्सने तिला घेतलं. १९७६ मध्ये ती कॅप्टन झाली. तिचा गणवेश आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आपल्याकडे प्रेम माथुर यांनी हे पंचवीस वर्षं आधी भोगलं. १९४७ मध्ये त्यांनी अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबमधून धंदेवाईक परवाना मिळवला. एका स्त्रीच्या विमानात लोक बसणार नाहीत म्हणून एकेक करत आठ कंपन्यांनी नकार दिला. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. १९४९ मध्ये त्या घनश्यामदास बिर्लांच्या खाजगी विमानाच्या वैमानिक झाल्या, आणि १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. म्हणजे आज ज्याला आपण कॉर्पोरेट पायलट म्हणतो, त्या कामावर स्वतंत्र भारतात एवढ्या सुरुवातीलाच एक स्त्री होती. आठ कंपन्यांना जनतेच्या भीतीचं कारण पुढे करता आलं; खाजगी विमानाच्या मालकाला फक्त स्वतःची खात्री करून घ्यायची होती. एकाच माणसाच्या मर्जीवर चालणाऱ्या दारातून कधी कधी असाही माणूस आत येतो, ज्याला नियमांचं दार बंद आहे. वायली पोस्टचंच हे दुसरं रूप.

आणि मुंबई? मुंबईत तर एका ओळखीतून अख्खी विमान कंपनी उभी राहिली. नेव्हिल विन्सेंट हा ब्रिटिश हवाईदलातून निवृत्त झालेला वैमानिक १९२९ च्या सुमारास एका साथीदाराबरोबर हिंदुस्थानात विमान घेऊन फिरत होता. गावोगाव लोकांना हवेत फिरवून आणायचं, म्हणजे पोस्टसारखाच फिरता धंदा. त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटांना देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला होता. दोघांची गाठ पडली. इंग्लंडहून कराचीला येणारी टपाल पुढे मुंबई-मद्रासला विमानाने न्यावी, ही योजना विन्सेंटची. पण पंचविशीतल्या जे. आर. डीं.च्या हातात तेव्हा पैसा कुठे होता? त्यांनी योजना नेली जॉन पीटरसन यांच्याकडे, ज्यांच्या हाताखाली ते टाटांच्या कचेरीत काम शिकले होते. पीटरसन यांनी नाखूश दोराबजी टाटांची समजूत घातली, आणि दोन लाख रुपये मंजूर झाले. पुढे सरकारदरबारी तीन वर्षं गेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर उतरले, आणि तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला विमान नेलं ते विन्सेंटने. पावसाळ्यात जुहूचा चिखल झाला की मुक्काम पुण्याला हलायचा. विन्सेंट, जे. आर. डी., पीटरसन, दोराबजी : साखळीतला पहिला शेवटच्याला थेट आपलं म्हणणं पटवू शकला नसता. प्रत्येक कडीने फक्त पुढच्या कडीपाशी शब्द टाकला. पण आमच्यासारख्यांनी हेही विचारायला हवं, की त्या काळी विमानाजवळ जाऊ शकणारे किती जण होते, आणि ते कुठल्या गल्लीत राहत होते?

शेवटी एक हल्लीची गोष्ट. १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. त्यानंतरच्या कायद्यातून ती १५०० तासांची अट आली, जिच्यामुळे आज इन्स्ट्रक्टर एवढा काळ त्या पायरीवर थांबतो. आता गंमत म्हणा किंवा शोकांतिका, त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या बरेच वर होते. कॅप्टनचे तेहतीसशेहून अधिक. तासांनी ते विमान वाचलं नसतं. चौकशीत निघालं ते वेगळंच : कॅप्टन आधी काही चाचण्यांत नापास झालेला होता, आणि त्यांतलं सगळं त्याने कंपनीला नोकरी घेताना सांगितलेलं नव्हतं. म्हणून पुढे अमेरिकेत प्रत्येक वैमानिकाच्या चाचण्यांचा, नोकऱ्यांचा, शिक्षांचा सरकारी माहितीसाठा उभा राहिला. कंपनीला आता नेमण्याआधी तो पाहावा लागतो. चांगलं झालं. साक्षीदार विसरतो, मैत्रीखातर गप्प बसतो. नोंद तसं करत नाही. पण माणूस नापास झाला हे नोंद सांगते, कसा नापास झाला आणि त्यानंतर काय शिकला हे सांगत नाही. ते विचारायला अजूनही फोनच उचलावा लागतो, आणि तिकडचे चीफ पायलट तो उचलतात.

आपल्याकडे शिडी निराळी आहे. इथे २०० तासांवर धंदेवाईक परवाना मिळतो आणि विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण स्वखर्चाने घेतलं, की थेट प्रवासी विमानात सहवैमानिक होता येतं. शिकवण्याची पायरी चढलीच पाहिजे असं नाही. बारामती, धुळे, गोंदिया इथे शिकणारी मुलं तिच्यावरून उडी मारून जातात, ज्यांच्या घरच्यांना कर्ज झेपतं ती. ज्यांना झेपत नाही त्यांच्यातले काही थांबतात, इन्स्ट्रक्टर होतात, आणि कुणाचा तरी फोन येण्याची वाट पाहतात. आमच्या मते विमान शिकण्याची खरी जागा तीच असावी. पण पोटाला चिमटा बसत असताना हे ऐकून घेणं अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

वेळ संपत आली. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करू या, पुढच्या रांगेतले बरेचसे आमच्या ओळखीचे आहेत.